बसवतानाच अडकलेला बोल्ट

1 जून उजाडला की कोकण किनाऱ्यावरच्या बंदरांचं रूप पालटतं. महाराष्ट्रात आणि गोव्यात यांत्रिक नौकांना 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणजे पुरे 61 दिवस. मोठे ट्रॉलर खाडीत आडोशाला नांगरून राहतात. छोट्या होड्या वाळूवर ओढून घेतात आणि वरून झापांनी नाहीतर निळ्या प्लास्टिकने शाकारतात. जाळी उतरतात, बर्फाचे खण धुतले जातात. मग हर्णै असो, मिरकरवाडा असो की मालवण, दहा महिने खाऱ्या पाण्यात धावलेली इंजिनं उघडायचा हंगाम सुरू होतो.

इंजिन उघडायचं म्हणजे आधी बोल्ट काढायचे. सांगायला सोपं, पण मिस्त्री लोकांचा निम्मा पावसाळा त्यातच जातो.

होडीच्या मागच्या फळीला लटकणारं एखादं आउटबोर्ड इंजिन डोळ्यांसमोर आणा. थर्मोस्टॅटवरचं झाकण काढायचं आहे. तळहाताएवढं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण, त्याला चार बोल्ट, प्रत्येकाचं डोकं 10 मिलिमीटरचं. पहिले तीन कुरकुरत का होईना, सुटतात. चौथ्याभोवती पांढरी भुकटी साचलेली आहे, जणू कुणी खडू किसून टाकलाय. त्यावर पाना चढवून जोर दिला की दोनपैकी एक गोष्ट घडते. 'कट्' असा कोरडा आवाज येऊन पाना किंचित सरकला, तर मिस्त्री खूश होतो. आट्यांत धरलेला गंज तुटला. पण आवाज न होता पाना रबर पिळल्यासारखा मऊ मऊ वळू लागला, तर जुना मिस्त्री तिथेच हात काढून घेतो. तो बोल्ट सुटत नसतो, पिळला जात असतो. आणखी पाव फेरा दिला की डोकं पान्यात आणि बाकीचा बोल्ट इंजिनात.

नवशिका पोरगा नेमका तो पाव फेरा देतो. मग दहा मिनिटांच्या कामाला दोन दिवस लागतात.

दोष मात्र एकट्या पोराचा नसतो. हा बोल्ट आज सकाळी अडकलेला नाही. तो मागच्या खेपेला कुणी बसवला, त्याच दिवशी त्याच्या अडकण्याची तयारी झाली होती.

आट्यांतली बॅटरी

1800 साली इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टाने जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्या एकावर एक रचल्या, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पुठ्ठ्याचे तुकडे ठेवले आणि जगातली पहिली बॅटरी तयार केली. आउटबोर्डच्या झाकणात नकळत तीच मांडणी झालेली असते. अंग अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट स्टेनलेस स्टीलचा आणि मधल्या फटीत समुद्राचं पाणी. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे त्यातून वीज सहज वाहते. या दोन धातूंमध्ये अर्धा ते पाऊण व्होल्टचा फरक पडतो. टॉर्चचा सेल दीड व्होल्टचा असतो, त्याच्या जवळपास निम्मा. फरक इतकाच की टॉर्च आपण बंद करतो. ही बॅटरी ओल असेपर्यंत चालू राहते.

अशा जोडीत एक धातू खर्ची पडतो आणि दुसरा तगतो. इथे अ‍ॅल्युमिनियम झिजतं. झिजलेल्या अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते आणि ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा खाते. आट्यांमधली फट मुळात केसाएवढी. त्यात ही भुकटी फुगत जाते आणि बोल्टला चहूबाजूंनी आवळते. बाहेरून बोल्टचं डोकं चकचकीत दिसत असतं. मालकाला वाटतं, स्टेनलेस आहे, काही होणार नाही. स्टेनलेसला खरंच फारसं काही झालेलं नसतं. जे व्हायचं ते त्याच्या शेजाऱ्याला होतं.

डिझेलवर चालणाऱ्या मोठ्या नौकांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि बोल्ट पोलादी. धातू जवळजवळ एकाच कुळातले, म्हणून व्होल्टाची बॅटरी तिथे फारशी जोर करत नाही. तिथे साधा तांबडा गंज काम करतो. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान दुपटीहून जास्त वाढतं. सगळ्यात वाईट दशा धुराच्या नळीला धरणाऱ्या स्टडची होते. ते दिवसभर तापतात, रात्री थंड होतात, वरून खाऱ्या पाण्याचे तुषार येतात. तापल्या-निवल्याने धातू पुन्हा पुन्हा ताणला जातो आणि गंज खोल उतरतो. जुन्या इंजिनाच्या धुराच्या नळीचे सगळेच्या सगळे स्टड अखंड निघाले, तर मिस्त्री चहा सांगतो.

होडी किनाऱ्यावर असली म्हणजे गंजाला सुट्टी, असंही नाही. आट्यांत वाळलेलं मीठ पावसाळी हवेतली ओल ओढून घेतं. घरातल्या मिठाच्या बरणीला जुलैत पाझर फुटतो, तसंच. त्यामुळे जूनमध्ये सुटणारा बोल्ट जुलैअखेरीला सुटेलच, याची खात्री नसते. ज्यांना हे ठाऊक आहे, ते नौका वर आली की पहिल्या आठवड्यातच इंजिनाला हात घालतात.

एका फ्रिगेटचे खिळे

दोन धातूंचं हे भांडण माणसाने प्रथम नीट पाहिलं ते जहाजावरच. 1761 साली ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' नावाच्या फ्रिगेटच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे मढवले. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून आणि शेवाळापासून बचाव व्हावा, हा हेतू. जहाज वेस्ट इंडीजकडे जाऊन आलं. 1763 मध्ये तळ तपासला तर पत्रे जागोजाग सुटलेले. तांबं शाबूत होतं; ते ठोकायला वापरलेले लोखंडी खिळे मात्र कुजून लगदा झाले होते. काही खिळे मात्र ठणठणीत निघाले. बारकाईने पाहिल्यावर कारण कळलं. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्याचे कपटे त्या खिळ्यांच्या डोक्यांखाली राहून गेले होते. तांबं आणि लोखंड यांच्यामध्ये कागद आला, एवढ्यावर खिळे वाचले.

त्या काळी व्होल्टाची बॅटरीही निघाली नव्हती. तरी तपासणाऱ्यांनी निष्कर्ष बरोबर काढला: खाऱ्या पाण्यात तांब्याला लोखंड टेकू देऊ नये. आज मिस्त्री आट्यांना ग्रीस फासतो, तेव्हा तो तोच कागद नव्या रूपात घालत असतो.

'अलार्म'चे खिळे इतक्या झपाट्याने का गेले, यालाही कारण आहे. प्रचंड मोठं तांबं आणि त्याच्यासमोर चिमुकला खिळा. झिजणारा भाग लहान आणि तगणारा मोठा असला की सगळी झीज त्या लहानग्यावर पडते. आउटबोर्डमध्ये प्रमाण उलटं आहे. झिजणारं अ‍ॅल्युमिनियम मोठं आणि स्टेनलेसचा बोल्ट लहान. म्हणून इंजिनाचं अंग वाचतं. झीज होते ती फक्त भोकाच्या कडेला आणि आट्यांत, पण बोल्ट आवळायला तेवढी पुरते.

पुढे 1824 मध्ये हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने उपाय सुचवला. तांब्याला जस्ताचा किंवा बिडाचा तुकडा जोडायचा. तो तुकडा झिजेल, तांबं वाचेल. प्रयोग ज्या जहाजांवर झाले, त्यांत 'समरांग' हे आपल्या कोचीनमध्ये बांधलेलं जहाज होतं. तांबं खरोखरच वाचलं. पण घोटाळा असा झाला की तांब्याचा अंश पाण्यात विरघळेना, त्यामुळे शंखशिंपले आणि शेवाळ निर्धास्तपणे तळाला चिकटू लागले. आरमाराने तो नाद सोडला. तत्त्व मात्र टिकलं. आज प्रत्येक आउटबोर्डच्या खालच्या भागावर आणि ट्रॉलरच्या पंख्याजवळ जस्ताच्या वड्या दिसतात, त्या डेव्हीच्या वारस.

हा धडा आधुनिक आरमारालाही पुन्हा गिरवावा लागला. अमेरिकेची 'इंडिपेंडन्स' ही अ‍ॅल्युमिनियमची वेगवान युद्धनौका 2010 मध्ये सेवेत आली आणि पुढच्याच वर्षी तिच्या वॉटरजेटच्या भागात जोरदार झीज आढळली. अ‍ॅल्युमिनियमचं अंग, पोलादाची यंत्रणा आणि समुद्राचं पाणी, जुनंच त्रिकूट. एवढी यंत्रणा हाताशी असलेल्यांची ही गत झाली, तर दोन सिलिंडरच्या होडीवाल्याला काय बोल लावायचा?

हातातली ताकद आणि पान्याची फट

अडलेल्या बोल्टवर माणसाचा पहिला उपाय म्हणजे जोर. इथे साधा हिशोब करून पाहावा. 6 मिलिमीटर जाडीचा बोल्ट घट्ट करायला साधारण 10 न्यूटन-मीटर पीळ पुरतो. वीतभर, म्हणजे 20 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला 25 किलोचा जोर लावला, तर बोल्टवर जवळपास 50 न्यूटन-मीटर पीळ येतो, म्हणजे लागतो त्याच्या पाचपट. आणि 'जरा पाइप घाल रे' म्हणत मीटरभराचा पाइप चढवला की 245. एवढा पीळ मोटारीच्या चाकाच्या नटालाही लागत नाही. 6 मिलिमीटरचा बोल्ट त्यापुढे भेंडीसारखा तुटतो. किनाऱ्यावर तुटलेल्या कित्येक बोल्टांचा खरा गुन्हेगार हा पाइपच असतो.

दुसरी चूक पान्याच्या मापाची. बोल्टचं डोकं षटकोनी असतं आणि पाना त्याच्या कोपऱ्यांना धरतो. जपानी आउटबोर्डवर 8 मिलिमीटर जाडीच्या बोल्टचं डोकं बरेचदा 12 मिलिमीटरचं असतं. मिस्त्रीच्या पेटीत इंच आणि मिलिमीटर दोन्ही मापांचे पाने मिसळलेले. अर्ध्या इंचाचा पाना म्हणजे 12.7 मिलिमीटर, तो त्या डोक्यावर आरामात बसतो आणि सैल बोल्ट फिरवतोही. पण अडलेल्या बोल्टवर ती 0.7 मिलिमीटरची फट नडते. पाना घसरतो, कोपरे खातो आणि डोकं गोल होतं. गोल झालेल्या डोक्यावर मग कुठलाच पाना धरत नाही. म्हणून अडलेल्या बोल्टला फिक्स पाना लावूच नये. सहा कोनी गोटी लावावी, बारा कोनीसुद्धा नको. डोक्यावरचा रंग आणि मीठ तारेच्या ब्रशने खरवडून काढावं, गोटी ठोकून पूर्ण खाली बसवावी, मगच हँडल धरावं.

मापांचा हा गोंधळ मिटवायचा पहिला मोठा प्रयत्नही नौकांच्या इंजिनांच्याच कामी आला होता. पूर्वी प्रत्येक कारखाना आपापले आटे पाडायचा. 1841 मध्ये जोसेफ व्हिटवर्थने 55 अंशांच्या आट्यांचं एक प्रमाण मांडलं. पुढे क्रिमियन युद्धात ब्रिटिश आरमाराला तातडीने तोफनौका हव्या होत्या, तेव्हा जॉन पेन या इंजिन बनवणाऱ्याने नमुन्याचे भाग वेगवेगळ्या कारखान्यांना वाटून दिले. आटे सगळीकडे एकाच प्रमाणाचे असल्यामुळे ठिकठिकाणी घडलेले भाग एकमेकांत बसले. आजचे मेट्रिक आटे 60 अंशांचे असतात. जुन्या ब्रिटिश इंजिनात मेट्रिक बोल्ट दोन फेरे जातो आणि तिथेच चावतो. हेही अडकणंच, पण गंजामुळे नाही, तर दुकानदाराने 'चालेल, घ्या' म्हटल्यामुळे.

तेल, ठोका, ताव

जाणत्या मिस्त्रीचा क्रम ठरलेला असतो आणि त्यात जोराचा नंबर शेवटचा.

आधी तेल. ते आट्यांत खोल शिरलं पाहिजे, म्हणून पातळ हवं. इंजिनाचं दाट ऑइल वरच राहतं. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या रॉकेल आणि डिझेल वापरत आले आहेत. अलीकडे फवाऱ्याचे डबे मिळतात. त्यांतला सगळ्यांना ठाऊक असलेला डब्ल्यूडी-40 मुळात बोल्टांसाठी नव्हताच. 1953 मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून पाणी हटवणारा द्रव शोधायला घेतला आणि चाळिसाव्या प्रयत्नात तो जमला. नावातले 40 त्याचेच. आट्यांत शिरण्यासाठी खास बनवलेली तेलं आज वेगळी मिळतात आणि घट्ट अडलेल्या बोल्टला तीच जास्त लागू पडतात. पण तेल कुठलंही असो, त्याला वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी मारायचं, रात्री पुन्हा एकदा आणि पाना सकाळी लावायचा.

मग ठोका. डोक्यावर पंच ठेवून हातोडीचे आठ-दहा सरळ, बेताचे ठोके. या धक्क्यांनी भुकटीला बारीक चिरा पडतात आणि तेलाला वाट मिळते. यानंतर पाना लावताना जुने लोक आधी बोल्ट किंचित घट्ट करतात. पाहणाऱ्याला हे उलटंच वाटतं. पण गंजाची पकड कुठल्याही दिशेने तुटली तरी ती तुटतेच, आणि घट्ट होण्याच्या दिशेला ती अनेकदा आधी सुटते. एकदा 'कट्' झालं की पाव फेरा डावीकडे, जरा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. प्रत्येक फेऱ्याला थोडी भुकटी बाहेर पडते. मधून मधून तेल. एकाच दमात बाहेर ओढायला गेलं की हीच भुकटी आट्यांत दाटते आणि निम्मा निघालेला बोल्ट पुन्हा रुतून बसतो.

तेवढ्यानेही भागलं नाही तर ताव. इथे भौतिकशास्त्र मिस्त्रीच्या बाजूला येतं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. 10 मिलिमीटरच्या भोकाभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम 100 अंशांनी तापलं तर भोक 0.023 मिलिमीटरने मोठं होतं. त्यातला पोलादी बोल्ट तेवढाच तापला तरी 0.012 मिलिमीटरनेच जाड होतो. फरक मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या हिश्शाचा, पण भुकटीची पकड मोडायला तो पुष्कळ झाला. स्टेनलेसचा बोल्ट पोलादापेक्षा जास्त फुगतो, त्यामुळे तिथे हा फायदा निम्म्यावर येतो. म्हणून ज्वाला बोल्टवर धरायची नाही, त्याच्या भोवतालच्या अंगावर फिरवायची. तापलेल्या आट्यांपाशी मेणबत्ती टेकवली की मेण पातळ होऊन आत ओढलं जातं. जुन्या कारागिरांची ही युक्ती आजही चालते.

धोकाही तावातच आहे. लोखंड तापलं की लाल होऊन सावध करतं. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि तोवर रंग बदलत नाही. आत्ता होतं आणि आत्ता खाली टपकलं, असा प्रकार होतो. म्हणून जाणकार त्यावर आधी अंगाचा साबण घासतात. साबण काळपट पडू लागला की ज्वाला मागे. बिडाला ताव दिल्यावर गार पाणी ओतू नये, तडा जातो. आणि या सगळ्याच्या आधी पेट्रोलची टाकी दूर, नळी काढलेली, बॅटरी सोडलेली आणि डोळ्यांवर चष्मा. आउटबोर्डच्या टोपाखाली पेट्रोलची वाफ साचलेली असते, ती दिसत नाही.

डोकं हातात आलं तर

तरीही बोल्ट तुटतात. तुटलेल्या बोल्टचं थोडं टोक वर राहिलं असेल तर नशीब. झाकण काढल्यावर त्या टोकाला ग्रिप प्लायर धरता येतो. आटे शिल्लक असतील तर दोन नट चढवून ते एकमेकांवर घट्ट आवळायचे आणि खालच्या नटाला पाना लावायचा. सर्वांत खात्रीचा उपाय वेल्डरकडे असतो. टोकावर थोडा मोठा नट ठेवून त्याच्या पोटात वेल्डिंग भरायचं. यात दोन कामं एकदम साधतात: धरायला नवं डोकं मिळतं आणि वेल्डिंगची उष्णता थेट बोल्टमध्ये उतरून पकड मोडते. भोवती अ‍ॅल्युमिनियम असेल तर पोलादाचं वेल्डिंग त्याला धरत नाही, हा आणखी एक फायदा. नट लाल असताना घाई करायची नाही. थोडा निवू द्यायचा आणि मग हलकेच मागे-पुढे.

बोल्ट पृष्ठभागाला सपाट तुटला असेल तर ड्रिल. इथे सगळा खेळ पहिल्या ठिपक्याचा. सेंटर पंचाची खूण बरोबर मधोमध पडली तर पुढचं निभावतं. ती मिलिमीटरभर बाजूला गेली तर ड्रिल कठीण बोल्ट सोडून मऊ अ‍ॅल्युमिनियमकडे घसरतं आणि भोक वाकडं होतं. डावीकडे फिरणारे ड्रिल मिळतात, ते पेटीत ठेवावेत. भोक पाडता पाडता त्यांच्याच ओढीने बोल्ट कधी कधी सुटून बाहेर येतो.

त्यानंतर अनेक जण एक्स्ट्रॅक्टरकडे वळतात. हा उलट्या आट्यांचा निमुळता खिळा भोकात रुतवून डावीकडे फिरवायचा असतो. मोडलेल्या ताज्या बोल्टला तो छान चालतो. पण जो बोल्ट पूर्ण डोक्यानिशी पान्याला बधला नाही, तो त्याहून बारीक खिळ्याला काय बधणार? एक्स्ट्रॅक्टर पाण्यावर चढवलेल्या कडक पोलादाचा असतो, म्हणून ठिसूळ. तो आत तुटला की नेहमीचं ड्रिल त्यावर ओरखडाही काढत नाही. आधी बोल्ट अडला होता, आता बोल्टात पहार अडली.

अशा वेळी ते अंग खोलून शहरातल्या स्पार्क इरोजनच्या वर्कशॉपमध्ये न्यावं लागतं. 1943 मध्ये सोव्हिएत रशियात बोरिस आणि नतालिया लाझारेंको हे दांपत्य विजेच्या ठिणगीने धातूचे संपर्कबिंदू का झिजतात, याचा शोध घेत होतं. झीज थांबवता थांबवता त्यांना सुचलं की हीच झीज हवी तिथे घडवून आणता येईल. त्यातून हे यंत्र आलं. द्रवात बुडवलेल्या भागावर हजारो बारीक ठिणग्या पाडून ते कितीही कडक पोलाद कणाकणाने खातं आणि आजूबाजूच्या आट्यांना धक्का लागत नाही. घड्याळजींची युक्ती याहून जुनी आणि स्वस्त: पितळी तबकडीत तुटलेला पोलादी स्क्रू ते तुरटीच्या गरम द्रावणात ठेवून विरघळवतात, पितळ तसंच राहतं. मात्र घड्याळाची तबकडी वाटीत मावते, इंजिन मावत नाही.

शेवटचा मार्ग म्हणजे बोल्ट पूर्ण ड्रिल करून काढायचा आणि नवे आटे पाडायचे. 8 मिलिमीटरच्या नेहमीच्या आट्यांसाठी 6.8 मिलिमीटरचं भोक लागतं. जुने आटे पार गेले असतील तर भोक थोडं मोठं करून त्यात स्टेनलेस तारेच्या स्प्रिंगसारखी हेलिकॉइल बसवतात. नीट बसलेली हेलिकॉइल अ‍ॅल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरते. मात्र ती बसवतानाही खाऱ्या पाण्याची आठवण ठेवावी लागते, कारण तारही स्टेनलेसचीच.

परत बसवताना

एवढी यातायात ज्या कामाने टळते, त्याला मिनिटभरही लागत नाही. बोल्ट बसवण्याआधी आटे ब्रशने साफ करायचे, भोकातली भुकटी काढायची आणि बोल्टला मरीन ग्रीस किंवा न अडकण्यासाठीचं खास मलम लावायचं. अ‍ॅल्युमिनियममध्ये बसणाऱ्या बोल्टला तांब्याचं किंवा ग्राफाइटचं मलम लावू नये, कारण तांबं आणि ग्राफाइट दोन्ही अ‍ॅल्युमिनियमला झिजवणाऱ्या बाजूचे. जस्तयुक्त मलम किंवा साधं मरीन ग्रीस बरं. ग्रीस लावलेला बोल्ट कमी जोरात जास्त आवळला जातो, म्हणून हात जरा आवरता घ्यावा. शक्य असेल तर टॉर्क पाना वापरावा.

बाकी सवयी जुन्याच आहेत. समुद्रातून आल्यावर आउटबोर्डला गोडं पाणी जोडून दहा मिनिटं चालवायचं. जस्ताची वडी निम्मी झिजली की बदलायची आणि तिला कधीही रंग फासायचा नाही. रंगवलेली वडी झिजत नाही आणि मग तिच्या वाटणीचं झिजणं इंजिनाच्या वाट्याला येतं. वर्षातून एकदा पंपाचा इंपेलर बदलायच्या निमित्ताने खालच्या भागाचे लांब बोल्ट काढून, ग्रीस लावून परत बसवायचे. दरवर्षी निघणारा बोल्ट सहसा अडत नाही.

नौकामालकांनी यंदा एवढंच करावं. मिस्त्री इंजिन जुळवायला बसला की त्याच्याशेजारी ग्रीसचा डबा उघडून ठेवावा आणि पहिले दोन-चार बोल्ट जाईपर्यंत तिथे उभं राहावं. 1 ऑगस्टला नौका पाण्यात जाईल आणि हे बोल्ट पुन्हा उघडतील ते पुढच्या जूनमध्ये.